खिडकीजवळच्या खुर्चीचा निकाल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिकाबाई, शिक्षकवृंद, जागा न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले पालक, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ते दहावीचे विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

मला ‘प्रमुख पाहुण्या’ म्हणून बोलावलं आहे. पाहुणी मी कुठली? रोज दुपारी वरच्या मजल्यावर वाचनालयात असते. तिथे मी बोलते आणि तुम्ही गप्प बसता. आजही तेच होणार, तेव्हा नवीन काहीच नाही.

पालकांसाठी थोडं सांगते. या शाळेत विद्यार्थी मंडळ सुरू केलं ते आमच्या ह्यांनी. भूगोल शिकवायचे. घंटा, स्वच्छता, वाचनालय, भांडणं, सगळं मुलांनी बघायचं. अट एकच, की तक्रार कोणीही, कोणाहीविरुद्ध करावी आणि तिचा निकाल शनिवारी मंडळाने द्यावा. पहिल्याच वर्षी ह्यांच्याविरुद्ध तक्रार आली, की मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी सर नद्यांतून बाहेर येत नाहीत. घरी आले ते हसतच.

पण मुलांचा कारभार म्हणजे सगळं सुरळीत, असं समजू नका हं. याच मुलांनी आठवीत ठराव केला, की वर्ग आपणच झाडायचा. उत्तम. मग झाडण्यावर देखरेख हवी म्हणून एक समिती. त्या समितीवर लक्ष ठेवायला दुसरी. जो तो कुठल्या ना कुठल्या समितीत. मी एकदा डोकावले, तर अख्खा वर्ग देखरेख करतोय आणि झाडू कोपऱ्यात एकटा उभा! शेवटी ठरलं, की अध्यक्ष होईल त्याने पहिला झाडू मारायचा. त्याबरोबर निवडणुकीला कोणी उभंच राहीना. एक मुलगी राहिली, ती तेव्हापासून अध्यक्ष. तीच ही, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेली तुमची मावळती अध्यक्ष. बाळ, मान वर कर. तुझीच गोष्ट येतेय.

हे गेल्यावर घरात राहिलेली शाळेची पुस्तकं परत करायला मी आले. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पुढचं सगळं ह्यांनी आणलेल्या पुस्तकांवर भागवलेलं. पुस्तकं परत केली, मी मात्र परत गेले नाही. वाचनालय बघायला मोठं माणूस कोणी नव्हतं. मंडळाने ठराव करून मला ठेवून घेतलं.

तिथे खिडकीजवळ एक खुर्ची आहे. हे तिच्यावर बसून वह्या तपासायचे. मी ती रोज पुसायची आणि कोणाला बसू द्यायची नाही. तसा नियम नव्हता. मुलं समजून होती.

यंदा सहावीत एक नवी मुलगी आली. परीक्षा जवळ आलेली, वाचनालय गच्च भरलेलं.

“काकू, मी इथे बसू?”

“नको, बाळ.”

“कोणी येणार आहे का?”

आता याला काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, “नाही.”

“मग?”

तिने तक्रार केली आणि शनिवारी मी मंडळापुढे. उपाध्यक्षाला सगळे ‘वकील’ म्हणतात. तो अध्यक्षाच्या कानात कुजबुजला, ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं, “अगं, सोड ना! काकू आहेत त्या.”

“म्हणूनच सोडता येत नाही,” ती म्हणाली. “उद्या बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?” मग माझ्याकडे वळून, “काकू, तुमचं म्हणणं मांडा.”

“ती सरांची खुर्ची आहे.”

“होती, काकू,” ती म्हणाली. आणि हात वर केला. मग बाकीचे हात वर गेले. खुर्ची सगळ्यांची झाली.

राग आला का? आला. शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्या बाजूने. मुख्याध्यापिकाबाई, सांगते म्हणून रागावू नका, तुम्हीच म्हणालात, “पोरांनी ताळतंत्र सोडलं. तुम्ही फक्त हो म्हणा, मंडळ आजच बंद करते.” ते ‘हो’ माझ्या ओठांवर आलं होतं. ह्यांची खुर्ची ठेवायची की ह्यांचं मंडळ? दोन्ही ठेवता आलं असतं तर कोणाला नको होतं? मी म्हटलं, “बाई, मंडळ राहू द्या. खुर्चीचं मी बघते.”

सोमवारी त्या सहावीच्या मुलीला मीच हाक मारली. बसली. पाय जमिनीला टेकेनात. पुढे झाली, मागे झाली आणि म्हणाली, “काकू, ही डुगडुगते.” रोज पुसणारीला ते कसं कळावं? वकीलसाहेबांनी खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. आता तिच्यावर कोणी बसायचं यावरून रोज भांडणं होतात आणि मंडळाला काम मिळतं. घरी जाऊन मी रडले, पण ते खातं माझं. मंडळाच्या अधिकारात येत नाही.

अध्यक्षबाई, त्यानंतर तू जिन्यात मला पाहून वाट बदलायचीस. आज सगळ्यांदेखत सांगते, तू बरोबर होतीस. तेव्हा सगळ्यांत अवघड हात तुझा होता आणि तो पहिला वर गेला. माझा राग अजून थोडा आहे, पण तो तुझ्यावर नाही. ज्यांच्यावर आहे, ते ऐकायला इथे नाहीत.

मुलांनो, जिथे जाल तिथे सुखाने राहा. मला बोलावलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांची आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर एरवी माणसं माफी मागतात. मी मागत नाही. शनिवारी नवं मंडळ बसणार आहे. खुशाल तक्रार करा. मी येऊन उभी राहीन.