परतीच्या बुटांची केस

नाही, पण मला एक सांगा, माणसानं आपली खुशाली सांगायला उभं कशाला राहायचं? बसून सांगितली तर ती कमी खुशाल होते का? पण आमच्या बिझनेस स्कूलच्या वर्गाचा नियम म्हणजे नियम. वर्षातून एकदा जमायचं, एकेकानं उठायचं, काय चाललंय ते सांगायचं, आणि मॉनिटरनं घंटी वाजवल्याशिवाय बसायचं नाही. मॉनिटर म्हणजे आमची तेव्हाची वर्गप्रतिनिधी, आता एका मोठ्या कंपनीत माणसं नेमते आणि माणसं काढते, पण घंटी अजून तीच. आता मी काही घाबरट माणूस नाही, आधीच सांगून ठेवतो. पण ती टेबलावरची घंटी वाजली की मी अजून वही शोधतो.

आणि लोकांच्या बातम्या तरी कशा... एकानं कंपनी काढली, ती विकली, आता विकत घेणाऱ्यांनी त्यालाच पगारावर ठेवलंय, आणि तो खूश. एक बाई सगळं सोडून डोंगरावर अळिंबी पिकवते, सकाळी पाखरं उठवतात म्हणे. आमच्याकडे सकाळी वरच्या मजल्यावरचा पंप उठवतो, ते कुठं सांगता? बँकवाला उठला आणि म्हणाला, ‘मित्रांनो, मी दोनदा साफ अपयशी ठरलो.’ टाळ्या! छाती फुगवून सांगत होता हो. मला वाटलं, आपण तर एकदाच अपयशी ठरलो, आणि तेही अजून पूर्ण झालेलं नाही.

मग माझी पाळी. मी काय करतो ते तुम्हाला सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं. मी एका बुटांच्या कंपनीत परतीच्या मालाचा विभाग सांभाळतो. बूट चावला, टाच निघाली, एक पाय सैल एक घट्ट, की गिऱ्हाईक माझ्याकडे. पण तिथं, त्या गालिच्यावर उभं राहून, अळिंबीनंतर लगेच, ‘चावके बूट’ म्हणवेना. म्हणालो, ‘मी ग्राहक-अनुभवाचा प्रमुख आहे.’ आता यात खोटं काय? ग्राहकाला अनुभव येतो आणि तो माझ्याकडे येतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, घंटी वाजली, मी बसलो, सुटलो म्हटलं.

सुटतोय कसला. खुशाली झाली की केस असते. आता केस म्हणजे कोर्टाची नव्हे. आम्हाला तिथं पुस्तकातून शिकवायचेच नाहीत, कुठल्यातरी कंपनीचं त्रांगडं समोर टाकायचे आणि विचारायचे, बोला, मालकानं काय करावं? गप्प बसलात तर मार्क कापले. त्यामुळे आमच्या वर्गाला अशी सवय लागलीय की मयताला गेले तरी खांदेकऱ्यांची विभागणी चुकली म्हणून चर्चा करतील. तर दर वर्षी एकानं आपल्या कामातली खरीखुरी केस मांडायची आणि बाकीच्यांनी हात वर करून निकाल द्यायचा. या वेळी केस मांडणार होता चार्ट्या. मोठमोठ्या कंपन्यांना सल्ले देतो. नाश्ता काय करायचा हेसुद्धा तक्ता काढून ठरवतो, म्हणून चार्ट्या.

चार्ट्या घसा खाकरून म्हणाला, ‘कंपनीचं नाव सांगत नाही, गुप्ततेचा करार आहे. बुटांची कंपनी आहे.’

मी घाबरट नाही. म्हटलं, जगात बुटांच्या कंपन्या काय कमी आहेत?

‘त्यांचा एक विभाग आहे, परत आलेल्या बुटांचा.’ असतो हो, सगळीकडे असतो. ‘मुख्य इमारतीत नाही, मागच्या गल्लीत, छापखान्याच्या वर, उभा जिना चढून जावं लागतं.’ आता छापखानेही पुष्कळ आहेत आणि जिने तर विचारूच नका... ‘आणि तिथला जो प्रमुख आहे ना, तो गिऱ्हाइकाला तोच बूट घालून जिना तीनदा वर-खाली करायला लावतो, त्याशिवाय बूट परत घेतच नाही.’

तुम्हाला सांगतो, असा माणूस जगात एकच आहे. बूट चढताना चावत नाही, उतरताना चावतो, हे मी स्वतः शोधून काढलंय हो. वर चढून येतात तेव्हा सगळे म्हणतात चावतो, खाली उतरवल्यावर कळतं खरं कोण बोलतंय. चार्ट्या म्हणाला, ‘मी माझा माणूस पाठवून खात्री केली. धापा टाकत परत आला.’ आठवला मला, कमरेवर हात ठेवून जिन्यातच बसला होता, मीच पाणी दिलं त्याला!

सगळी खोली हसायला लागली. बँकवाला म्हणाला, ‘कोण रे हा नग? आधी त्यालाच काढ.’ मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो, अळिंबीवाली माझ्याकडे बघायला लागली इतका. पण कान सगळे चार्ट्याकडे. कारण चार्ट्यानं प्रश्न टाकला होता, विभाग ठेवायचा की बंद करायचा.

आता इथं उठून म्हणायचं होतं, अरे बाबांनो, तो नग मी. एवढंच. पण घटकाभरापूर्वी मी ग्राहक-अनुभवाचा प्रमुख होतो ना... आणि खरं सांगू का, गरजही दिसेना, कारण चर्चा माझ्या बाजूनं चाललेली. अळिंबीवाली म्हणाली, ठेवा, तक्रार ऐकून घेतली की माणूस टिकतो. बँकवालाही वळला, म्हणाला, ठेवा, पण त्या नगाला जिन्यावरून खाली आणा. म्हटलं, येतो बाबा, तळघरात बसतो, पण ठेवा. आणि तेवढ्यात घंटी.

‘हा गप्पच आहे,’ मॉनिटर म्हणाली. ‘अरे, हा तर तुझाच विषय. ग्राहक-अनुभव. तू काय म्हणशील?’

सगळ्या माना माझ्याकडे. मी घाबरट नाही, पण मला वाटलं, ‘ठेवा’ म्हणालो तर संपलं, लगेच कुणीतरी म्हणणार, याला एवढा पुळका का? म्हणून मी म्हणालो, ‘बंद करा.’ आणि तिथंच थांबलो असतो तर देव पावला असता. पण मॉनिटर म्हणाली, ‘कारण?’ आणि कारण नुसतं विचारलं ना, की आमच्या वर्गातला माणूस थांबूच शकत नाही. मी उठून उभा राहिलो आणि बोलत सुटलो. म्हणालो, नवा बूट आठवडाभर चावतोच, कुणाचाही. ज्याला तक्रारीला जागा नाही तो जाड मोजे घालतो, आठवड्यानं विसरतो. ज्याला जागा आहे तो बूट घेऊन येतो. विभाग आहे म्हणून बूट चावतात, बूट चावतात म्हणून विभाग नाही. जिना काढा, पाटी काढा, निम्मे बूट आपोआप चावायचे थांबतील.

एवढी वर्षं त्या परतीच्या खिडकीत बसून मला जे कळलं ते सगळं मी ओकून मोकळा झालो. चार्ट्यानं हातातला कप खाली ठेवला, म्हणाला, ‘अरे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तर विभाग ठेवा म्हणून लिहून टाकलं होतं. आता बदलतो.’ हात वर करा म्हटलं, सगळ्यांचे हात वर. माझाही. सगळ्यांचे वर असताना एकट्याचा खाली कसा दिसेल हो?

घरी आलो, बायकोला सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, ‘अहो, मग त्या चार्ट्याला फोन करा आणि सांगा ना, मीच तो म्हणून.’ सांगू कसं? तो म्हणणार, वा, म्हणजे खुद्द प्रमुखाचंच मत आहे बंद करा! तिला म्हटलं, होईल काहीतरी. ती म्हणाली, ‘काय होईल?’ मी म्हटलं, आधी जेवायला वाढ.

आणि माझ्या एकट्याचंच असतं तर एक वेळ... पण विभागात टाचा शिवणाऱ्या मावशी आहेत, नवऱ्यामागं घर त्यांच्यावर आहे. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘साहेब, तोंड का उतरलंय?’ मी म्हटलं, काही नाही मावशी, बूट चावतोय जरा. तर म्हणाल्या, ‘काढा इकडं, बघते.’ आणि घेऊन बसल्या हो मांडीवर. काही नव्हतं त्या बुटात. तरी आतून चामडं घासून मऊ करून दिलं. मला त्यांच्याकडे बघवेना. भीती वाटते, खरंच सांगतो, इतकी भीती मला परीक्षेची वाटली नव्हती, लग्नाची वाटली नव्हती.

तेवढ्यात चार्ट्याचा फोन. म्हणाला, ‘सोमवारी त्या कंपनीत संचालकांपुढं मांडायचंय. मुद्दा तुझा आहे, मी चोरणार नाही, तूच चल आणि तूच मांड.’ मी म्हटलं, अरे मला ऑफिस आहे. ‘रजा टाक की,’ म्हणाला, ‘एका दिवसानं काय तुझं ऑफिस बंद पडणार आहे?’

गेलो आमच्या साहेबांकडे. म्हटलं, सोमवारी रजा हवी होती, खासगी काम आहे. एरवी हा माणूस रजा म्हटलं की खुर्चीत आखडतो. या वेळी मान वर न करता म्हणाला, ‘घ्या हो, खुशाल घ्या. सोमवारी तुमच्या विभागावर बाहेरचे तज्ज्ञ बोलणार आहेत, त्यात तुमचं काय काम?’

म्हटलं, तेही खरंच.