खालून कापलेली चिठ्ठी

...नाही, नाही, प्लंबरदादा, पाना फरशीवर नको, त्या कागदावर ठेवा — हो, तोच, चिठ्ठीचा तुकडा, काही महत्त्वाचं नाही त्यात. आणि हसू नका हो! भातानं सिंक तुंबलं असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते — बघा, हसलेच. सकाळपासून अशीच खिदळतेय, एकटीच, एकसष्टाव्या वर्षी. मुलगी येतेय ना माझी! चारला. दोन वर्षांनी. जपानात होती, तिथल्या एका खानावळीत भाताचे गोळे वळायला शिकली — आत सारण, बाहेर समुद्री शेवाळाची काळी पट्टी, आकार त्रिकोणी. त्रिकोणी म्हणे! हा बघा माझा त्रिकोण — बटाटा. आणि ह्याला तर नाक आलंय! हुबेहूब आमचे जुने संपादक. ह्यांना आधी खाणार मी.

भात सिंकमध्ये कसा गेला? अहो, हाताला चिकटतो! एक गोळा वळायचा, हात धुवायचे, दुसरा वळायचा, पुन्हा धुवायचे. पाच गोळे झाले आणि पाणी वर आलं. तिनं पाठवलेल्या कृतीत काही उपाय नाही हो ह्यावर. ती बघा फ्रिजवर चिकटवलीये — ‘आई, रविवारी चारला येते. ह्या वेळी माझ्या हातचं नाही, तुझ्या हातचं खायचंय.’ मग तांदूळ किती, पाणी किती, टूना मासा मेयोनीजमध्ये कालवायचा... हो, तिथंच संपते. म्हणजे संपवली मी. लांबच लांब लिहिलं होतं, दारावर जागा एवढीच. मग काय, कात्री लावली. छत्तीस वर्षं बातमीदारी केलीये मी — जागा कमी पडली की बातमी खालून कापायची. महत्त्वाचं सगळं वर असतं, खाली नुसता पसारा. वाचलं? खालचं कोण वाचतं!

ती चिडायची ह्यावरच. शाळेच्या वसतिगृहातून पत्र लिहायची, मी लाल पेनानं सुधारून परत पाठवायचे. हो, परत पाठवायचे — असं बघू नका. आणि नोकरी सोडून ही कला शिकायला निघाली तेव्हा मी म्हटलं, ‘मी मंत्र्यांची सालं काढली आणि तू भात वळणार?’ गंमत म्हणून म्हटलं हो! ...नाही. गंमत नव्हती ती. भांडायचंच होतं मला. कुणाशीही भांडायचे मी, पगार त्याचाच मिळायचा. ती मात्र भांडली नाही. बॅग उचलली आणि गेली. — जाऊ दे! आज येतेय! हा सहावा, हा बघा, जवळजवळ त्रिकोण! कोपरा चिकटला अंगठ्याला... अहो, त्या तुकड्यावर काही आहे का बघा बरं, चिकटू नये म्हणून? पाना उचला. मोठ्यानं वाचा, माझा चष्मा मेयोनीजनं भरलाय.

‘मिठाच्या पाण्यात हात बुडवून वळायचे’ — अय्या! एवढंच? आणि मी बाई... हं, पुढे? ‘आई, तू खालून कापतेस हे ठाऊक आहे, म्हणून हे खाली लिहितेय’ — अशी वस्ताद आहे बघा! माझीच! — वाचा, थांबलात का? ‘इथपर्यंत वाचलंस तर चारच्या आत फोन कर. नाही आला, तर...’

तर काय?

पुसट झालंय? तुमच्या ओल्या पान्यानं? दाखवा इकडे, पुसला चष्मा. ‘...येणार नाही.’

किती वाजले? पावणेचार! फोन, फोन कुठाय — द्या, हात चिकट असू देत, नंबर पाठ आहे. जातेय रिंग. तुम्ही निघा आता, पाईप राहू दे उघडा, नंतर या — आणि हे घ्या, संपादक घेऊन जा, खा वाटेत, जा म्हणते ना! —

हॅलो? हो, मीच. अगं, खालचं...