पहिला हात

हॅलो?… कोण, पंचफुला? बोल वं… दोन हजार नऊ. हो, नऊच. वेली लावल्या सहा साली, पहिली वाइन निघाली नऊ साली… काहून विचारते?… ऋषिकेश बगिच्याच्या पाटीवर लिहून राहिला? लिहू दे, लिहू दे. तुझ्या पोराचं अक्षर चांगलं आहे.

अन् त्याले म्हण, खाली लिही, पहिली वाइन कडू निघाली होती… हसते काय? आमच्या ह्यांनी तोडणीच्या आठवड्यातही निंबोळी अर्क फवारला! सेंद्रिय, सेंद्रिय करत. सालीले कडूपणा धरूनच बसला. मुकुंद डॉक्टरनं एक घोट घेतला अन् म्हणे, देवराव, हा काढा दिवसातून किती वेळा घ्यायचा?… हो, हो… अन् धोंडबा! शुगरवर चांगली म्हणून बाटल्या घेऊन गेला घरी…

पण तू हे विचारायले फोन नाही केला. आवाज काहून असा आहे तुझा?… तोडणी झाली? काल पहाटेच? पंचफुला, मले सांगायचं तरी!… अवं, चिडत नाही. समजते मले, मार्चचं ऊन आहे, द्राक्षाले थांबता येत नाही… कूलर लावला ना खोलीत? वाळ्याची ताटी नवी टाकली?… आठवते तुले, घरात एकच कूलर होता. तो द्राक्षाले, अन् आपण दोघी जावा ओसरीवर ओलं लुगडं पांघरून पडायचो. भाऊजी म्हणायचे, पुढच्या जन्मी द्राक्षच व्हावं…

हां, मग अडलं काय?… कुस्करून झाली, ड्रममध्ये भरली. साली वर आल्या. मग हात घालून दाब ना खाली!… काय? माझ्या हाताशिवाय नाही?… वेडी आहे का तू?

अवं ऐक ना. मी कशी येऊ शहरातून कुहीले? खुब्याचं मोडलेलं हाड आहे ते, चार पावलं टाकते तर सूनबाई, कामिनी, मागून दोन्ही हात पसरून येते, मी कोंबडी असल्यासारखी. अश्विनले सकाळीच म्हटलं, मले एकदा बगिच्यात घेऊन चल, खाटेवर टाक अन् ने. तो म्हणे, आई, डॉक्टर काय म्हणाले?… खिडकीतून मले समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते. काळी. रोज तीच पाहते. ड्रमसारखी दिसते म्हणून पाहते…

मोठी मी आहे, कबूल. घरातल्या मोठ्या बाईचा हात पहिला, ही रीतही मीच पाडली. पण म्हणून तू रस खराब करशील? ऊन चढून राहिलं तिकडे…

काय म्हणते?… ते नको काढू आता… आठवते. सगळं आठवते. ह्यांचं वर्षही झालं नव्हतं. मी कोपऱ्यात सरकली होती. शेजारची कांताबाई म्हणालीच, इंदूबाई, यंदा दुसऱ्या कोणाचा हात लागू द्या. विधवेचा नको, असं म्हणाली नाही, पण ऐकू तेच आलं. अन् तू… माझं मनगट धरलं अन् कोपरापर्यंत घातलं आत…

हो, रडून राहिली मी. मग? चौथ्या माळ्यावर कोण पाहते.

लोकं कुठंकुठं गेले पहा. हे गेले. धोंडबा शुगरनंच गेला बिचारा. कांताबाई मौद्याले पोरीकडे आहे, पोरीलेच ओळखत नाही म्हणतात. भाऊजी टीव्हीसमोर, मुकुंद डॉक्टर अमेरिकेत नातू खेळवून राहिला. माझा अश्विन कळमन्याच्या बाजारातून द्राक्षं आणते, आई, खा म्हणते. राहिलं कोण? तू, तुझा ऋषिकेश अन् त्या वेली.

तर ऐक. मोठी आहे ना मी? मग मोठीचं ऐक. बांगड्या वर सरकव… हाताले साबण नाही ना लावला? विहिरीच्या पाण्यानंच धुतले?… बरं. मी मनगट धरलं असं समज. फोन स्पीकरवर टाक… येत नाही? मग मान वाकडी करून खांद्यात धर. हां.

घाल… हळू. सालीचा थर फुटला?… वरून थंड लागते ना?… अन् खाली?… कोमट. हां. तेच. तेच ते… बोटाले देठ लागले तर काढून टाक, ह्यांले देठ चालत नव्हते… फिरव आता. मले रसाचं काही ऐकू येत नाही वं. वाक जराशी… अजून… हां, येऊन राहिला आवाज… बोलू नको. थांब. बोलू नको…

पंचफुला?… एवढा मोठा बुडबुडा कशाचा?… हॅलो?… पंचफुला, हॅलो?…

कामिनी! अवं, इकडे ये. ऋषिकेशले लाव फोन… तुझ्या काकूनं ड्रममध्ये सोडला तिचा… हसू नको वं. यंदाही घातलंच तिनं मले आत.