अण्णाचं गुमट

आमी दांडेलीकडल्या गुंद गावचं. चारी बाजूला रान, मधी थोडी भाताची शेतं, त्यातच आमचं घर. आई मला जन्म दिऊन गेली. बा लाकूडतोडीच्या कामाला जायचा, मी लहान असतानाच एक दिवस उतारावरनं ओंडा गडगडत आला आणि त्येच्या अंगावरनं गेला. मग ऱ्हायला कोण, तर अण्णा, माझा थोरला भाऊ. त्येनंच मला वाढीवलं. शाळेत जाताना वेणी बी त्योच घालायचा, तिरकीच घालायचा, पर घालायचा.

अण्णाला येड एकच, गुमट. गुमट म्हंजे मातीचं मडकं हो, एका तोंडावर कातडं ताणलेलं, गळ्यात अडकवून वाजवायचं. शिमग्यात अण्णाचं गुमट घुमाया लागलं की मी त्येच्या पाठीला पाठ लावून बसायची, काय सांगू तुमास्नी, ताल कानातनं न्हाई, पाठीतनं अंगात यायचा.

दांडेलीला एक मास्तर पेटी शिकवायचे, अण्णानं मला तिथं घातलं. पुढं हुबळीच्या ऑर्केस्ट्रातनं बलावणं आलं तवा गावात म्हनाले, पोरगी माणसांपुढं वाजवणार काय रे, लगीन कोण करील तिच्याशी? अण्णा म्हनला, न्हाई केलं तर न्हाई, वाजवू दे की तिला. लगीन न्हाईच झालं, त्ये असू द्या.

हुबळीतनं बेंगळूर. सिनेमाच्या गाण्यांत पेटी वाजवली, मग की-बोर्ड, मग स्टुडिओतलं एक जण काम सोडून गेलं तवा त्येंच्या जागी मला बसवलं, म्युझिक एडिटर. म्हंजे काय, तर वाजवून झालेलं संगीत चित्रावर बसवायचं, कुठं सुरू, कुठं बंद, माणसं बोलाया लागली की खाली घ्यायचं, जास्त झालं की कापायचं.

तर एका सिनेमात रानातल्या गावाचा शिमगा व्हता. दिग्दर्शक म्हनला, खरोखरचा वाजवणारा पायजे. मी म्हनलं, माझा भाऊ हाय. अण्णा बसनं आला, गुमट घोंगड्यात गुंडाळून सगळी वाट मांडीवर घेऊन. त्येला काचेच्या खोलीत उभं केलं, कानाला हेडफोन लावला, तर त्येनं त्यो काढूनच ठेवला, म्हनला, ह्येच्यात मला माझंच ऐकू येईना. आणि वाजवलं. चहा घेऊन आलेला माणूस ट्रे धरून तसाच थांबला. दिग्दर्शकानं अण्णाचं पाय धरलं. गावाकडं जाऊन अण्णानं घरोघरी सांगितलं, माझं गुमट सिनेमात येतंय.

पुढं निर्माता म्हनला, पिच्चर लांब झालाय, शिमगा काढा. मी भांडले. दिग्दर्शकानं मान खाली घातली. निर्माता म्हनला, बाई, तुमास्नी जमत नसंल तर दुसरं कोण बी कापंल. दुसऱ्याच्या हातनं नको, म्हनून मीच कापलं. आणि लगेच अण्णाला फोन केला, अण्णा, तुझं वाजवणं सिनेमात ऱ्हायलं न्हाई रे.  अण्णा म्हनला, इकडं भाताला गवे लागल्यात, सगळं तुडवून जात्यात. मी म्हनलं, अण्णा, ऐकलास काय? व्हय गे, ऐकलं, गावाला तू सांगू नको, मी सांगतो.

पर त्येची जीभच उचलली न्हाई. सिनेमा दांडेलीला लागला तसा टेम्पो करून सगळा गाव निघाला. मी बी बेंगळूरहून आले, अण्णाच्या शेजारी बसले. शेजारची शेवंता काकी, पडद्यावर रान दिसलं की म्हनायची, आता, आता येतंय बघा. अण्णा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला. सिनेमा संपला, दिवे लागले.  बाहेर आल्यावर शेवंता काकीच म्हनली, वाजलं की रे, त्या नदीच्या वक्ताला, मागनं, बारीक. लगेच एक जण म्हनला, व्हय व्हय, मी बी ऐकलं. मग सगळीच म्हनाया लागली, ऐकलं, ऐकलं. अण्णानं सगळ्यास्नी हात जोडलं. त्येचं तोंड मला बघवंना.

त्या शिमग्याला अण्णानं गुमट काढलं न्हाई, हात दुखतोय म्हनला. फुडच्या बी न्हाई. वैनीनं, म्हंजे त्येच्या बायकोनं, लई सांगून बघितलं. मग एक दिवस शेताच्या बांधावर बसल्या बसल्या त्येचं एक अंग गेलं, बोलणं बंद. मी त्येचं करायला आले ती परत गेलेच न्हाई, तिकडं आता माझी गरज बी उरली न्हाई, माझ्या कानात सारखी शिट्टी वाजती. अण्णा अंथरुणातच गेला.

त्येचं त्ये वाजवणं तरी मिळंल म्हनून स्टुडिओत फोन केला. म्हनाले, सिनेमात न्हाई गेलं त्ये आमी ठेवत न्हाई, पुसून टाकतो. तसाच रिवाज असतोय, मला काय ठाव न्हाई?

आता घरात आमी दोघीच. वैनी कधीमधी म्हनती, वाजवून दाखीव की गे, त्ये कसं वाजवायचे. गुमटाचं कातडं उंदरांनी खाल्लं, म्हनून मी पाटावर बोटं वाजवते. ती डोळं मिटून ऐकती. असं न्हवं, म्हनती. मी दुसरं वाजवते. असं बी न्हवं. जल्मभर दुसऱ्यांचं संगीत जागेवर बसवलं मी, पर ह्ये काय बसंना. मग ती उठती आणि भाताला आधण ठेवती.

तुमी बी जेवूनच जावा. लांबनं आलाय, सुखी ऱ्हावा.