चेंबरातले तीन दात

आमचं गाव तेलंगणातल्या तलमडुगु मंडलातलं, नदीच्या पल्याड महाराष्ट्र अन् अल्याड आमी, घरात मराठी, कचेरीत तेलुगू. बाप कापूस-जवारी करे, मले वावराची गोडीच नव्हती, काय सांगू तुमाले, बैल सोडून मी मोटारीमागं पळो, तं बापानं भैंसा शहरात मोटारी दुरुस्त करनाऱ्या एका उस्तादाकडे नेऊन टाकलं. उस्ताद लय तापट, पन हुनर असा का पेचकसाचं, म्हनजे स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजनाले लावे, मूठ कानाले लावे, अन् आत कोनता गेर बिघडला ते सांगे. ते म्या शिकलो, गावात गॅरेज टाकलं. आज साठीले आलो, मानसाचं बोलनं धड ऐकू येत नाही पन इंजनाचं येते. बायको म्हनते, मलेबी पेचकस लावून पाहा कधी.

किसन माहा लहानपनचा दोस्त. त्याच्याकडे बापाच्या वेळची जुनी पेट्रोलची जीप, सवाऱ्या नेयाची. त्याची पोरगी सुमन माह्या अंगाखांद्यावर वाढली, मले काका म्हने. चार वर्सं झाले, ती पहिल्या बाळंतपनाले माहेरी आली होती, दिवस भरत आले होते, तवाची गोष्ट आहे.

अष्टमीले किसन जीप घेऊन आला. गाडी ओढत नव्हती, सायलेन्सरमधून फटाके फुटून राह्यले होते. म्या पेचकस लावला तं समोरच्या झाकनामागं खटखट. म्हनलं टायमिंगचा गेर गेला बापा. तो गेर इंजनाच्या साऱ्या हालचालीचा वेळ सांभाळते, त्याचे दात झडले का इंजन वेड्यावानी करते. रेडिएटर काढलं, पुली काढली, झाकन खोललं. फायबरचा गेर, सात दात गायब. नवा गेर मागवला, निशानाले निशान जुळवून बसवला, जीप कशी गुरगुरली म्हनून सांगू. पन दात झाकनात चारच सापडले. बाकीचे तीन खाली चेंबरात, जिथं इंजनाचं ऑइल राहते तिथं. ऑइल वर चढते ते एका जाळीतून, अन् त्या जाळीत दात अडकला का ऑइल बंद, इंजन जाम. उस्तादानं हे मले शिव्या देऊन देऊन शिकवलं होतं का दात मोजल्याबिगर इंजनाचं झाकन लावू नको. चेंबर खोलनं म्हनजे आनखी तीन घंट्याचं काम.

अन् दुसऱ्या दिवशी खांडेनवमी. आमच्याकडे हत्यारं पूजेले बसले का दसऱ्याचं सोनं वाटेपावतर त्याले हात लावत नाही, कोनीच लावत नाही. बायको पूजेसाठी नटबोल्टाचे पाने सोड्याच्या पान्यात धुवत बसली होती, म्हने द्या तो शेवटचा, तेवढाच राह्यला. म्या देला. माह्या हातानं देला. फायबरचे दात, पीठ झाले असतीन, असं मनाले समजावलं. किसनले म्हनलं, गाडी घरी ने, फूल वाहा, दसऱ्यानंतर आन, चेंबर खोलून पाहू. तो म्हने चालन ना? म्हनलं चालन. नेऊ नको म्हनाले माह्या बापाचं काय जात होतं, सांगा तुमी.

दसऱ्याच्या सकाळी सुमनले कळा. अँबुलन्सले फोन केला तं ती उटनूरकडे गेलेली. किसन म्हने काऊन वाट पाहाची, माह्या दोस्तानं परवाच गाडी बनवली. पोरीले मागं निजवलं अन् निंगाला आदिलाबादले. अर्ध्या वाटेत, दोन्हीकडून कापूस, तिथं इंजन जाम झालं. मंग अँबुलन्स आली, पन लय वेळानं. सुमन वाचली. लेकरू पोरगा होता, तो रडलाच नाही.

जीप ट्रॅक्टरनं ओढून आनली अन् म्या एकट्यानं चेंबर खोललं. जाळीत तिन्ही दात. ते घेऊन किसनकडे गेलो, म्हनलं हे पाहा, तुह्या नातवाले म्या मारलं.  मंग माही मूठ त्यानं आपल्या हातानं बंद केली, म्हने पोरीले सांगू नको, तिचं लेकरू गेलं, आता काकाबी नको जावाले. शपथ घातली. तवापासून त्या गोष्टीवर एका शब्दानं बोलला नाही, रोज येते, माह्या घरी चहा पेते. जोड्यानं मारलं असतं तं बरं झालं असतं मले.

औंदाच्या दसऱ्याले सुमन आली, कडेवर दोन वर्साची पोरगी. सोनं देलं, पाया पडली. मंग हळूच म्हने, काका, त्या दिवशी कळा पहाटेच चालू झाल्या होत्या, सनाची गडबड म्हनून म्या आईले लवकर सांगतलं नाही, माह्यानंच गेलं लेकरू. चार वर्सं हे घेऊन जगून राह्यली पोरगी. किसन समोरच बसला होता, मान खाली घालून. माहा जीव तुटून राह्यला होता, पन तोंडातून निंगालं ते एवढंच का सुखी राहा बाई.

तुमी हे लिहून घेऊन राह्यले, म्हनता नावं बदलून लिहू. नका बदलू. शपथ मोडली म्हनून किसन रागावन, रागावू द्या. सुमन मराठी शाळेत शिकली, तिले वाचता येते. लेकरू तुह्यानं नाही गेलं बाई, काकानं गेलं, एवढं मोठ्या अक्षरात लिहा.