सातव्या नंबरचा दगड

नाव : ओळखपत्रावर आहे ते लिहून घेतलंत, पण गल्लीत त्या नावाने विचाराल तर घर सापडणार नाही, टेलरकाकू म्हणा. वय ६४ वर्षे. धंदा : पूर्वी शिवणकाम, आता गुडघ्यांमुळे बंद. राहणार : जुन्या दगडखाणीच्या वाटेवरचं शेवटचं घर.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पती दिवसभर रेडिओ ऐकतात. त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही. त्यांचा तसा कशाशीच नसतो.

घरामागच्या खाणीचं काम कधीच बंद पडलं असून तिच्यात बारमाही पाणी आहे. सहा महिन्यांपूर्वी माझी धाकटी बहीण घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. लहानपणी आम्ही दोघी त्याच पाण्यात पाय सोडून बसायचो. म्हणून मी दर मंगळवारी व शनिवारी सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत खाणीवर जाऊन मोबाइलवर शूटिंग करते आणि तिला पाठवते. आजची धरून अठ्ठेचाळीस फेऱ्या झाल्या.

दर वेळी चित्र त्याच जागेवरून यावं म्हणून मी काठाने ओळीत उभ्या असलेल्या नऊ दगडांवर पांढऱ्या रंगाने फुल्या मारून एक ते नऊ आकडे घातले. कापण्याआधी खूण करायची, ही हाताची चाळीस वर्षांची सवय. ते शेजारच्या ठेकेदाराच्या जागेच्या हद्दीचे दगड आहेत हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर रंग जरा बरा आणला असता.

ओळ वळते त्या कोपऱ्यातल्या सातव्या दगडापलीकडे, पाण्याच्या बाजूला, मातीचा कडा आहे. त्यात खंड्या पक्ष्याचं बीळ आहे. चव्वेचाळिसाव्या फेरीपासून नर-मादी आत मासे नेऊ लागले. तेव्हापासून बहीण रोज फोन करून विचारते, "ताई, पिल्लं बाहेर आली का गं?" स्वतःच्या हाडाचं एकदाही बोलत नाही.

पंचेचाळिसाव्या फेरीत ठेकेदाराची दोन माणसं पहारीने सातवा दगड उपटून पाण्यात ढकलताना माझ्या मोबाइलसमोर आली. मी झुडपामागे होते. लपले नव्हते, गुडघा धरला म्हणून बसले होते. एक म्हणाला, "झालं, आता मालकांची जागा थेट पाण्यापर्यंत." दुसरा म्हणाला, "मोजणी होऊ दे, मग कडा फोडू." हे आवाजासकट मोबाइलच्या कार्डात आहे. मला भयंकर राग आला. पण शूटिंग मी थांबवलं नाही.

पुढच्या फेरीत मला सातवी खूण सापडेना. म्हणून मी दुसरा दगड आणून, पाण्यापासून अकरा पावलांवर जुना होता तसाच बसवला व सात घातला. हातगाडी पतींनी ढकलली. वर त्यांचा संबंध नाही असं सांगितलं आहे, ते हातगाडी सोडून समजावं.

दुसऱ्या दिवशी मोजणीदार आले. ठेकेदार बाहेरगावी होते. मोजणीदारांनी मला विचारलं, "काकू, हे नंबर कुणी घातले?" मी म्हणाले, "मोजून तर बघा, नऊच्या नऊ भरतात की नाही!" त्यांनी मोजले, नऊ भरले, त्यांचं समाधान झालं. त्याच खुणांवरून फीत धरली आणि शुक्रवारपर्यंत कुंपण उभं राहिलं. कडा कुंपणाबाहेर राहिला.

ठेकेदारांची तक्रार आहे की सातवा दगड अस्सल नाही, मी आणून ठेवलेला आहे. तक्रार खरी आहे. फक्त नऊ दगडांत नेमका सातवाच नकली, हे त्यांना बाहेरगावाहून येऊन कसं कळलं, एवढं त्यांना विचारावं. अस्सल कुठे बुडालाय हे माहीत असणाऱ्यालाच ते सांगता येईल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. हवालदार म्हणाले, "काकू, म्हणी जबाबात घेत नाहीत." मी म्हणाले, "मग ती कुठे लिहायची?" त्यावर त्यांनी लिहून घेतली.

मोबाइलचं कार्ड मी आपणहून हजर केलं आहे. आज सकाळच्या फेरीत बिळाच्या तोंडाशी दोन चोची दिसल्या. तेवढा तुकडा बहिणीला पाठवून मगच कार्ड जप्त करावं अशी विनंती केली, ती हवालदारांनी मान्य केली व स्वतःही दोनदा पाहिला. पिल्लं उडायची आहेत, तरी कार्ड शनिवारच्या आत परत मिळावं.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, पण सही करण्याआधी एक दुरुस्ती करून घेते. सातवा दगड अकरा पावलांवर म्हटलं आहे. अकरावर जुना होता. माझा तेरावर आहे. आत लेकरं आहेत म्हणून, शिवणीत सोडतात तशी, दोन पावलं माया सोडली. बाकी कशावरही सही करीन, पण चुकीच्या मापावर मी आजवर कधी केली नाही.