अनसूयाकाकूंची वीस चित्रं

मंडळी, आधी एक सांगा — छंदाचा धंदा झाला, की त्यातलं प्रेम मरतं का? हो म्हणणाऱ्यांनी माना हलवा! ... खांबाजवळचे बुवा, डुलकीतली मान मी धरत नाही हं!

ऐका तर! मिरजेत होत्या अनसूयाकाकू. स्वयंपाकाच्या नावानं आनंद! त्यांची आमटी एकदा मांजरानं चाखली — त्या दिवसापासून ते मांजर एकादशी धरायला लागलं! हसता काय? मी पाहिलंय!

पण रीत काय आपली? शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. काकू घालणार काय वाटीत? त्या चित्र काढायच्या — तळहाताएवढं! माहेराला झुरणाऱ्या सुनेच्या वाटीत तिच्या माहेरची विहीर. मुलगा परदेशी गेलेल्या आईच्या वाटीत त्याची लहानपणीची सायकल.

एकदा पुण्याच्या चित्रदालनाचे मालक बेहेरे शेजारच्या सतारवाल्या भाभींकडे सतार घ्यायला आले. भाभींच्या भिंतीवर काकूंनी वाटीतून दिलेलं चित्र पाहिलं — सतार तिथंच, बेहेरे काकूंच्या दारात!

"काकू, मोठी वीस काढा. प्रदर्शन लावतो!"

साठाव्या वर्षी, मंडळी! लहानपणी बापानं जिची रंगपेटी काढून घेतली, त्या पोरीला आज कुणीतरी चित्रकार म्हटलं होतं!

काकूंनी वीस काढली. बेहेरे आले, एकेक करून वीसही पाहिली.

"हात तुमचाच आहे, काकू. पण चित्रं कुणाशी बोलतच नाहीत. अशी नाही लावता येणार."

ते गेले. काकू पदरात तोंड घालून बसल्या. भाभी आल्या.

"अगं अनसू, रडतेस काय? माझं चित्र कसं काढलंस?"

"तुझी वाटी समोर होती! ही कुणाकडे जाणार, मला काय ठाऊक? परक्या माणसाला काय हवंय, कसं कळावं?"

"परका झाला म्हणून काय झालं? त्याला ताप येत नाही? त्याला आई नसते?"

काकू उठल्या! ती वीस चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली. बेहेऱ्यांना फोन — "दोन महिने द्या!" आणि पुन्हा पहिल्यापासून बसल्या.

प्रदर्शन उघडलं. काकू कोपऱ्यात, पदराचं टोक मुठीत. एक धिप्पाड गृहस्थ एका चित्रापुढं थांबला. चित्रात काय? तापलेल्या कपाळावर टेकलेला एक हात. बस्स! अर्धा तास झाला, गडी हलेना. मग काकूंकडे आला.

"बाई, माझी आई तुम्हाला कुठं भेटली?"

"मी नाही हो भेटले. का? त्यांचा हात असाच होता?"

"ठाऊक नाही. मी दोन वर्षांचा होतो, तेव्हा गेली ती. तिचं काहीच आठवत नव्हतं मला... आजपर्यंत."

...

मंडळी, माझ्याकडे कशाला बघता? ओळखीच्यासाठी राबणं सोपं. पण उद्या दुकानात पुडी बांधाल, कचेरीत कागद पुढं साराल — जो कधी दिसणार नाही, त्याच्यासाठी हात मऊ होईल का तुमचा?

शेजारी कुणी अनोळखी बसलाय? बघा त्याच्याकडे. बघा हो, लाजता काय! हं — आता त्याच्यासाठी घ्या देवाचं नाव!